आधी भाजी ठरवा, मग टमाटे घ्या

चुलीपाशी बसून ऐकत असाल तर हात चालू राहू द्या. आज आपण टमाट्यांविषयी बोलणार आहोत. छापील भाषेत त्याला टोमॅटो म्हणतात, पण आपल्या तोंडी टमाटेच आहे, म्हणून आम्हीही तेच म्हणू.

तुम्ही म्हणाल, टमाट्यात काय सांगायचं? रोज तर चिरतो. आम्हालाही तसंच वाटत होतं. पण या टमाट्याने आमच्या गटाचे अठराशे रुपये बुडवले, तेव्हा कळलं की रोज चिरत होतो, पण नीट बघत नव्हतो.

झालं असं. हिवाळ्याचे दिवस होते, माघ महिना. आमच्या गटातल्या एका वहिनींच्या माहेरी गावरान टमाटे भरपूर आले होते. त्यांच्या भावाने २० किलो टमाटे जवळजवळ फुकटच दिले. आम्ही ठरवलं, सॉस करायचा, बाटल्या भरायच्या आणि आठवडे बाजारात विकायच्या. साखर आणली, मसाला आणला, बाटल्या आणल्या. सकाळी मोठं पातेलं चुलीवर चढवलं. दुपार झाली, रस पातळच. तिसरा प्रहर झाला तरी पातळच. एक मावशी पळीने रस वर घेऊन म्हणाल्या, "हाई तं नुसतं पानीच शे वं!" दिवे लागेपर्यंत आटवला. लाकडाच्या तीन मोळ्या संपल्या. लाल रंग जाऊन तपकिरी झाला. आंबटपणा मारायला जास्तीची साखर ओतावी लागली. शेवटी २० किलोतून चार-सव्वाचार किलो सॉस हाती आला. तोही पुरता घट्ट नव्हता, आणि बाटल्या आम्ही धुऊन ओल्याच भरल्या होत्या. पंधरा दिवसांत झाकणं फुगली, आत फेस आला. सगळं उकिरड्यावर टाकावं लागलं.

त्या दिवशी आम्ही टमाट्याला नावं ठेवली. पण चूक टमाट्याची नव्हती. तो सारासाठी उत्तम होता आणि आम्ही त्याचा सॉस करायला निघालो होतो. भाकरीच्या ज्वारीच्या पिठाच्या पुऱ्या लाटायला गेलं आणि लाटता आल्या नाहीत म्हणून ज्वारीला शिव्या द्याव्यात, तसं ते झालं. म्हणून आजचं सगळं सांगणं एकाच वाक्यात आहे: आधी भाजी ठरवा, मग टमाटे घ्या.

आता थोडी ओळख करून घेऊ. टमाटा आपल्या मुलखातला नाही. मिरची, बटाटा आणि टमाटा ही तिन्ही मंडळी मूळची अमेरिका खंडातली, समुद्रापलीकडून आलेली. नंदुरबारची मिरची आज एवढी नावाजलेली, पथाऱ्यांवर लाल गालिचे पसरतात, पण तीही पाहुणीच होती, इथली झाली. वांगं मात्र आपलं जुनं. वांगं, मिरची, बटाटा, टमाटा हे सगळे एकाच कुळातले, चुलत भावंडं म्हणा. म्हणूनच काही भागांत टमाट्याला बेलवांगी असं नाव पडलं. विदर्भात त्याला भेदरे म्हणतात. चुलत भावंडं असल्यामुळे रोगही एकमेकांना देतात. म्हणून परसात जिथे यंदा वांगी किंवा मिरची होती, तिथेच पुढच्या वर्षी टमाटा लावू नये.

आता बाजारात जाऊ. टोपलीसमोर बसल्यावर नुसता भाव विचारू नका. आधी तीन गोष्टी करा. बघा, दाबा आणि जमलं तर एक आडवा कापून पाहा.

चपटा, कडेने खाचा पडलेला, लहान भोपळ्यासारखा दिसणारा, देठाजवळ थोडा हिरवट राहिलेला, हातात मऊ लागणारा, तो गावरान. आडवा कापला की आत बरेच कप्पे दिसतात, कप्प्यांत बिया आणि चिकट रस भरलेला. साल पातळ. जिभेला लावला की आंबट.

लांबट किंवा अंड्याच्या आकाराचा, सगळीकडून सारखा लाल, हाताला टणक, तो बहुतेक हायब्रीड. आडवा कापला की कप्पे दोन-तीनच, भिंती जाड, गर जास्त, रस कमी, बिया कमी. साल जाड. आंबटपणा बेताचा.

या दोघांच्या मधला एक असतो. मध्यम, गोल, ना फार टणक ना फार मऊ. घरात एकच प्रकार आणायचा असेल तर हा बरा. सगळी कामं थोडी थोडी करतो.

चौथा म्हणजे बोराएवढा. शहरात तो डबीत घालून महाग विकतात, चेरी टोमॅटो म्हणून. आपल्याकडे काहींच्या परसात, न्हाणीच्या पाण्यावर, उकिरड्याच्या कडेला असे बारके टमाटे आपोआप उगवतात आणि पोरं येता-जाता तोडून खातात.

आता कोणाला कुठे घालायचं ते बघू.

गावरान टमाट्याचं काम रश्श्याचं. जिथे आंबट पाणी हवं तिथे तो. सार, आमटी, पातळ दाळ, कुळथाचं कढण, माशाचा रस्सा. तापीकाठच्या आणि नवापूरकडे उकाईच्या फुगवट्याकाठच्या बहिणी मासे करतात, त्यांनी चिंच नसेल तेव्हा दोन गावरान टमाटे हाताने कुस्करून घालून पाहावेत. हायब्रीडने तो आंबटपणा येत नाही, मग आपण चार-चार टाकतो आणि रस्सा नुसता लाल होतो.

सार असं करा. सहा गावरान टमाटे दोन पेले पाण्यात उकडा. साल सुटली की काढा, कुस्करा आणि गाळणीतून गाळा. चमचाभर बेसन थोड्या पाण्यात कालवून त्यात घाला, म्हणजे पाणी आणि गर वेगळे होत नाहीत. खडाभर गूळ, चवीपुरतं मीठ. वरून तेलात जिरं, ठेचलेला लसूण, एक लाल मिरची आणि कढीपत्ता यांची फोडणी. एक उकळी आली की उतरवा. आजारातून उठलेल्याला, तोंडाची चव गेलेल्याला, भातावर किंवा नुसतं वाटीत द्या.

दुसरा प्रकार चुलीवाल्यांसाठी. भाकरी झाल्यावर निखारे उरतात ना, त्यात चार टमाटे आणि पाच-सहा हिरव्या मिरच्या सरकवा. टमाट्याची साल काळी होऊन फुटली की बाहेर काढा, साल सोला. पाट्यावर किंवा खलबत्त्यात लसूण, मीठ, मिरच्या आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे आधी ठेचा, टमाटा शेवटी घाला. आधी घातला तर रस उडतो आणि मिरची बारीक होत नाही. गावरान असेल तर ठेचा ओलसर आणि आंबट होतो. ज्वारीच्या, बाजरीच्या भाकरीबरोबर घ्या, धडगाव-मोलगीकडे मक्याच्या भाकरीबरोबर घ्या, वेगळी भाजी नको.

हायब्रीड टमाट्याला पुष्कळ जण नाकं मुरडतात. बेचव म्हणतात. पण तो कशासाठी केला ते समजून घेतलं तर राग जातो. कॅरेटमध्ये भरून, ट्रकमधून दोनशे-तीनशे किलोमीटर जाऊन फुटू नये, चार-आठ दिवस टिकावा, म्हणून त्याची साल जाड आणि गर घट्ट. गावरान टमाटा आपल्या गावातून तालुक्याच्या बाजारापर्यंत जाताना निम्मा रडतो. तेव्हा ज्याचं काम त्याला द्या. कोशिंबिरीला हायब्रीड घ्या. चिरल्यावर पाणी सुटत नाही, फोडी फोडीसारख्या राहतात. भरलेल्या टमाट्याच्या भाजीला तोच हवा. आतला गर काढून त्यात शेंगदाण्याचा कूट, तीळ, तिखट, मीठ भरून तेलावर झाकण ठेवून वाफवा. गावरान घेतला तर कढईत त्याचं पिठलं होईल. घट्ट मसाला, चटणी, सॉस आणि वाळवण, ही सगळी गराची कामं. तिथे हायब्रीड किंवा गरदार सुधारित जात हवी.

जातींची नावंही ऐकून ठेवा, कारण रोपं किंवा बी आणायला गेल्यावर उपयोगी पडतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने भाग्यश्री, धनश्री, राजश्री अशा जाती दिल्या आहेत. भाग्यश्री लालभडक, गर भरपूर, बिया कमी, म्हणून सॉस-चटणीला चांगली. धनश्री मध्यम गोल, नारंगी झाक असलेली, रोजच्या भाजीला चालणारी. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची पुसा रुबी ही जुनी जात. थोडी चपटी, थोड्या खाचांची, आंबट, आपल्या गावरानाच्या जवळची. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची अर्का रक्षक ही संकरित जात. पाने गुंडाळणारा विषाणू, मर आणि करपा या तीन रोगांपुढे ती टिकाव धरते. यात एक फरक लक्षात ठेवा. भाग्यश्री, धनश्री, पुसा रुबी या सुधारित जाती आहेत, त्यांचं बी घरी धरता येतं. राजश्री आणि अर्का रक्षक संकरित आहेत, त्यांचं बी दरवर्षी नवं घ्यावं लागतं. या गोष्टीकडे आम्ही शेवटी परत येणार आहोत.

बोराएवढ्या टमाट्यांचं एक छान कालवण होतं. अख्खेच ठेवा, चिरू नका. तेलात लसूण, कांदा परतून टमाटे टाका आणि झाकण ठेवा. आतल्या आत टचाटच फुटतात. त्यात धुऊन भाजलेलं सुकट किंवा सुक्या बोंबलाचे तुकडे घाला. न खाणाऱ्यांनी भिजवलेली मटकी घाला.

हिरव्या टमाट्याला विसरू नका. वादळवाऱ्यात झाड पडलं, थंडीने पिकणं थांबलं, की झाडावर हिरवे टमाटे राहतात. ते फेकू नका. फोडी करून तेलावर मऊ होईपर्यंत परता, त्यात हिरवी मिरची, लसूण, तीळ आणि शेंगदाणे भाजून घाला आणि वाटा. चार दिवस पुरणारी चटणी होते. किंवा फोडी शिजवून वरून बेसन पेरा, झुणक्यासारखी भाजी होते. मात्र टमाट्याचा पाला भाजीत घालू नये, आणि कच्चे हिरवे टमाटे नुसते मुठी-मुठीने खाऊ नयेत. हिरव्या टमाट्याचं शिजवूनच करा.

आता शिजवण्याच्या चार गोष्टी. या आम्ही चुका करून शिकलो.

पहिली. दाळ शिजत घालतानाच टमाटा टाकू नका. आंबट पडलं की दाळीचा दाणा लवकर मऊ होत नाही. दाळ, चवळी, हरभरा, बटाटा आधी शिजू द्या, मग टमाटा फोडणीत परतून घाला. आमच्या गावातल्या एका सुनेची दाळ रोज कडक राहायची, सासूबाई म्हणायच्या दाळच वाईट आली. दाळ चांगली होती, टमाटा आधी पडत होता. चुलीवर शिजवणारीचं यात सरपणही वाचतं, आणि सरपण आणायला डोंगर कोणाला चढावा लागतो ते आपल्याला ठाऊक आहे.

दुसरी. आंबट पदार्थ ॲल्युमिनियमच्या पातेल्यात रात्रभर ठेवू नका. कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात तर शिजवूही नका. धातू अन्नात उतरतो, चव कडवट होते. स्टील किंवा मातीचं भांडं चांगलं. लोखंडी कढईत टमाटा शिजवला तर थोडं लोह भाजीत उतरतं आणि ते अंगाला उपयोगी पडतं. भाजी काळसर दिसली तरी घाबरू नका, पण शिजली की दुसऱ्या भांड्यात काढून घ्या.

तिसरी. टमाटा कच्चाही खा आणि शिजवूनही खा. कच्च्यात क जीवनसत्त्व जास्त असतं. पालेभाजी, दाळ, बाजरी यांच्यातलं लोह अंगी लागायला त्याची मदत होते. म्हणून मेथी-भाकरीबरोबर कच्च्या टमाट्याच्या चार फोडी ताटात असू द्या, विशेषतः मुलींच्या आणि गरोदर बाईच्या ताटात. शिजवताना थोडं तेल घातलं की टमाट्याचा तो लाल रंग, लायकोपीन म्हणतात त्याला, तोही शरीराला चांगला मिळतो. पण हे जेवणातलं झालं. अंगात रक्त कमी आहे म्हणून नुसत्या टमाट्यावर राहू नका. आशाताईंना भेटा, तपासणी करा. आपल्या भागात सिकलसेलचे रुग्ण आहेत. त्यांनी लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

चौथी. प्रत्येक भाजीत टमाटा हवाच असं नाही. आपलं खानदेशी भरीत बघा. भाजलेलं वांगं, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. त्यात टमाटा घातला की भरीत पाणचट होतं. शेवभाजीचा जुना रस्साही कांदा आणि सुकं खोबरं भाजून वाटलेल्या मसाल्याचा, त्याची चव भाजण्यातून येते. हॉटेलात लाल रंगासाठी टमाटे घालतात म्हणून आपण घरी तीन-तीन घालायला लागलो. घालायचाच तर एक, तोही मसाल्याबरोबर तेल सुटेपर्यंत परतून. टमाटा कच्चट राहिला तर भाजलेल्या खोबऱ्याची चव मारतो.

आता पैशाची गोष्ट. आठवतं ना, २०२३ सालचा जुलै-ऑगस्ट? टमाटे शंभराच्या वर गेले, कितीतरी ठिकाणी दीडशे-दोनशे रुपये किलो झाले. आपल्यापैकी कितीजणींनी महिनाभर टमाटा घरात आणला नाही. आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नाशिककडे भाव असे कोसळले की शेतकऱ्याच्या हाती किलोला चार-पाच रुपये पडेनात, लोकांनी टमाटे रस्त्यावर ओतले. तीच भाजी, तेच वर्ष, मध्ये जेमतेम दीड महिना. टमाटा नाशिवंत आहे, म्हणून त्याचा भाव असा वर-खाली उड्या मारतो. आपल्याकडचं ऊन तर तुम्हाला माहीतच आहे. चैत्र-वैशाखात फुलं गळतात, फळ धरत नाही. मग पावसाळ्याच्या तोंडाला टमाटे कमी आणि महाग. हिवाळ्यात मात्र स्वस्त आणि भरपूर.

म्हणून आपण कुरड्या-पापड करतो तसं टमाट्याचंही वाळवण करावं. फाल्गुनात, टमाटे स्वस्त असतात आणि ऊन कडक व्हायला लागतं तेव्हा. लांबट, गरदार टमाटे घ्या. धुवा, कोरडे करा, बोटाच्या निम्म्या जाडीच्या चकत्या करा. थोडं मीठ लावून चाळणीवर तासभर ठेवा, पाणी निथळेल. मग बाजेवर स्वच्छ कापड पसरून त्यावर एकेक चकती सुटी मांडा, वरून पातळ ओढणी टाका म्हणजे धूळ-माश्या बसत नाहीत. संध्याकाळी घरात घ्या, नाहीतर दवाने पुन्हा ओल धरतात. तीन-चार कडक उन्हांत चकत्या कडकडीत होतात. वाकवली की मोडली पाहिजे. नुसती वाकली तर अजून एक ऊन द्या. घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. हवी तेव्हा मिक्सरमधून किंवा जात्यावर पूड करा.

एक सांगून ठेवतो, टमाट्यात शंभरातले चौऱ्याण्णव भाग पाणीच असतं. किलोभर टमाट्यांची जेमतेम साठ-सत्तर ग्रॅम चकती उतरते. एवढीशीच का झाली म्हणून वाईट वाटून घेऊ नका. भाजीला एक चमचा पूड पुरते.

आणि नसलाच टमाटा, तर अडत नाही. सातपुड्यातल्या आपल्या बहिणी कैऱ्या सोलून, फोडी वाळवून आमचूर करतात. ते आपल्या घरचंच आंबट आहे. एका टमाट्याच्या जागी अर्धा लहान चमचा आमचूर, भाजी उतरवायच्या आधी. चिंच आहे, अंबाडी आहे, ताक आहे. टमाटा दोनशे रुपयांचा झाला तेव्हा आमच्या गटातल्या पावरा बहिणींच्या घरात काहीच अडलं नाही. त्यांनी आम्हाला आमचूर दिलं, आम्ही त्यांना शेंगदाणे दिले.

आता आमच्या सॉसचं पुढे काय झालं ते सांगतो. पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा केला. या वेळी आधी कोळद्याच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचारून आलो. लांबट, गरदार टमाटे घेतले, तेवढेच, २० किलो. एक मोळी आणि थोडी वरची लाकडं, एवढ्यात दुपारपर्यंत काम झालं. सहा किलोच्या वर सॉस निघाला, रंग लाल राहिला, साखर कमी लागली. बाटल्या उकळत्या पाण्यात घालून उन्हात कोरड्या केल्या, सॉस गरम असतानाच भरला, व्हिनेगर मोजून घातलं, अंदाजाने नाही. एकही झाकण फुगलं नाही. विकायचं म्हटलं की अन्न सुरक्षेची नोंदणीही करावी लागते, तीही केली. फार मोठा नफा झाला असं खोटं सांगत नाही. बुडालेले अठराशे निघाले आणि थोडे वर उरले. पण गटातल्या ज्या दोघी-तिघी "आता पुन्हा असल्या भानगडीत पडायचं नाही" म्हणाल्या होत्या, त्या परत बसायला आल्या. आम्हाला ते पैशापेक्षा मोठं वाटलं.

शेवटची गोष्ट, आणि आजची सगळ्यात महत्त्वाची. त्या वर्षी सॉस जमला म्हणून आम्ही सगळ्यांनीच परसात हायब्रीड लावला. दोन वर्षांनी सारासाठी गावरान टमाटे शोधायला गेलो तर आमच्या गावात ते कोणाकडेच नव्हते. वहिनींच्या माहेरीही भावाने ते लावायचं सोडलं होतं. खूप विचारल्यावर एका आजींच्या परसात दोन झाडं सापडली. आजींनी लुगड्याच्या चिंध्यांत राख घालून बी बांधून ठेवलं होतं. आम्ही हसून विचारलं, "आजी, बी विकत मिळतं की, कशाला जपता?" त्या म्हणाल्या, "मला यांचं सार आवडतं. हे बी दुकानात नाही मिळत."

आजींचं खरं होतं. गावरान बी सहसा कोणी पाकिटात भरून विकत नाही. आपण धरलं नाही तर ते आपल्यापुरतं संपलं. आणि हायब्रीडचं बी धरून ठेवून उपयोग नाही. पुढच्या वर्षी त्याची फळं सारखी येत नाहीत, एक लांबट, एक गोल, एक भलतंच.

बी धरणं सोपं आहे. निरोगी झाड निवडा, त्याला रंगीत दोरा बांधा म्हणजे घरातलं कोणी त्याची फळं तोडणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या घोसातलं चांगलं फळ झाडावरच पूर्ण पिकू द्या. ते पिळून बिया रसासकट वाटीत काढा. एक-दोन दिवस सावलीत झाकून ठेवा. वर फेस येतो, थोडा वास येतो, घाबरू नका, बियांवरचा चिकट पदर त्यानेच सुटतो. मग पाणी ओतून ढवळा. भरीव बी तळाशी बसतं, पोकळ वर तरंगतं, ते ओतून द्या. तीन-चार पाण्यांनी धुवा आणि ताटलीत पसरून सावलीत वाळवा. कागदावर वाळवू नका, चिकटतं. पूर्ण वाळलं की कोरड्या राखेत मिसळून बाटलीत भरा, वर जातीचं नाव आणि साल लिहा. कोरड्या, थंड जागी तीन-चार वर्षं ते चांगलं उगवतं. एका फळातून शंभराच्या आसपास बी निघतं. म्हणजे एका टमाट्यात सगळ्या गटाच्या परसबागा होतात.

आजींच्या त्या दोन झाडांपासून आज आमच्या गटातल्या अकरा घरांत गावरान टमाटे आहेत. प्रत्येकीच्या परसात दोन झाडं गावरानाची घरच्या साराला, आणि बाकी हायब्रीड बाजाराला आणि वाळवणाला. दोघांचं भांडण लावायचं कारणच नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या गटाच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की एक काम करा. एकमेकींना विचारा, कोणाच्या परसात, कोणाच्या माहेरी, कोणाच्या आजीकडे गावरान टमाट्याचं झाड आहे का. असेल तर त्याला आजच दोरा बांधा. बी निघालं की चिमूटभर शेजारच्या गटाला द्या, म्हणजे आपल्याकडचं कधी गेलंच तर मागायला एक घर राहील.

आणि उद्या बाजारात टोपलीसमोर बसलात की भाव विचारण्याआधी मनात म्हणा, आज करायचं काय आहे? सार की कोशिंबीर? मग हात आपोआप बरोबर टमाट्यावर जाईल.

आज एवढंच. दाळीत टमाटा शेवटी घाला बरं का. राम राम.